थोरल्या भावाचं काय झालं?

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला चर्चमध्ये कधी न गेलेल्यांनाही ठाऊक असतो. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, दूर देशी जाऊन पैसा उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते तेव्हा शुद्धीवर येऊन घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी मांडतो. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मुळात ती पुढे जाते. थोरला भाऊ शेतातून येतो, घरातलं गाणंबजावणं ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. इतकी वर्षं मी राबतोय, मला मित्रांबरोबर खायला साधं करडूही मिळालं नाही, ही त्याची तक्रार. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, आणि गोष्ट थांबते. थोरला घरात गेला की नाही, येशू सांगत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत कुठल्याही हायस्कुलात नववीच्या वर्गाला हा दाखला शेवटपर्यंत वाचून दाखवला, तर पहिला प्रश्न हाच येईल : "मंग तो घरात गेला का नाई?" वाटणीवरून, बांधावरून, सातबाऱ्यावर नाव चढण्यावरून दोन भावांनी बोलणं टाकलेलं घर या तालुक्यातल्या पोरांना नवं नाही. कोण आधी निघून गेला आणि कोण म्हाताऱ्या मायबापाजवळ राहून राबला, याचा हिशेब चावडीवर चालतो तसा स्वयंपाकघरातही चालतो. अशा वर्गात शिक्षकाने उत्तर देऊ नये. फळ्यावर एवढंच लिहावं : थोरला भाऊ त्या रात्री कुठे झोपला? आणि मुलांना वही उघडायला सांगावी.

ख्रिस्ती दृष्टीने मुलांना लिहायला शिकवणं म्हणजे काय, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर या एका दाखल्यात आहे. रूढ समज वेगळा आहे. गोष्टीत चांगली माणसं असावीत, दारुडा शेवटी सुधारावा, प्रार्थना केल्यावर आजार बरा व्हावा आणि तळाशी एका ओळीत तात्पर्य असावं, म्हणजे ते ख्रिस्ती लेखन, असं अनेक पालकांना आणि काही पाळकांनाही वाटतं. मुलं हुशार असतात. मोठ्यांना काय हवंय ते ओळखून तसं लिहून देतात. त्यातून शुद्धलेखन सुधारेल, लेखक घडणार नाही. उलट येशूचे दाखले पाहावेत. त्यांत शेतकरी, मजूर, लबाड कारभारी, न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा अशी माणसं आहेत, आणि निष्कर्ष पुष्कळदा ऐकणाऱ्यावर सोडलेला आहे.

हा विषय वणीसाठी उपरा नाही. 1905 पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं, इंग्रजी कागदपत्रांत 'वून'. या जिल्ह्यात अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशनचं काम उभं राहिलं. पुढे 1953 मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत देशभरातले धर्मशास्त्राचे विद्यार्थी यवतमाळात राहून शिकत होते. आणि याच फ्री मेथडिस्ट मिशनच्या एका माणसाचा मराठी कवितेशी अनपेक्षित संबंध आला. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याची एका तरुण मराठी कवीशी गाठ पडली. गप्पा रंगल्या, वॉर्ड यांनी त्याला बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांचं पुढचं आयुष्य मुख्यतः अहमदनगरला गेलं. भजनं, अभंग, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन, 'फुलामुलांचे कवी' ही ओळख, हे सगळं पाठ्यपुस्तकांमुळे परिचयाचं आहे. शिक्षकांनी त्यांच्याकडून घ्यावी अशी गोष्ट मात्र कवितांइतकी बोलली जात नाही. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या जेमतेम सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली, आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळालं. टिळक तिथे होते. त्यांनी या मुलाला शाबासकी दिलीच, शिवाय पुढे त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्या घरात कविता हा रोजचा विषय होता. ताजी कविता म्हणून दाखवायला ऐकणारा माणूस हाताशी होता, पोटाला जेवण होतं, रागवायला आणि कौतुक करायला दोन वडीलधारी माणसं होती.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांसारख्या तळमळीच्या धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही झाले नाहीत, आणि म्हणून त्यांच्यावरची माया आटली नाही. 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, पुढच्याच वर्षी टिळक गेले. बालकवींच्या निसर्गकवितेत कुठेही मिशनचा शिक्का नाही. एका ख्रिस्ती कवीने त्यांच्यातली प्रतिभा ही देवाची देणगी मानून जपली, ती आपल्या कामाला जुंपली नाही. ख्रिस्ती शिक्षकाला याहून मोठा आदर्श शोधायची गरज नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आजचा वर्ग मिश्र असतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याच्याही किंचित खाली होते. मिशनने काढलेल्या शाळेतही बाकावर बौद्ध, हिंदू, मुस्लिम, गोंड, कोलाम घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. राज्यघटनेचं 28 वं कलम स्पष्ट आहे : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या, अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय अशा शिक्षणाला बसवता येत नाही. लेखनाच्या तासाला दाखला वाचायचा तो गोष्ट म्हणून, जशी पंचतंत्रातली किंवा जातकातली वाचावी. शिक्षकाची श्रद्धा दिसायची असेल तर ती मुलाच्या वहीकडे तो किती आदराने पाहतो त्यातून दिसावी.

टिळकांच्या घरातली खरी मोठी लेखिका मात्र लक्ष्मीबाई. 1868 मध्ये जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न. नवऱ्याने अधूनमधून शिकवलं तेवढंच शिक्षण. 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघालेलं त्यांचं 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रांत आजही वरच्या ओळीत बसतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य 64 अध्याय लिहून पूर्ण करणाऱ्याही त्याच.

'स्मृतिचित्रे' मुलांसमोर ठेवावं ते त्यातल्या सरळपणासाठी. बाई भाविक ख्रिस्ती म्हणून लिहितायत, पण नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा आपल्याला काय झालं, हे त्यांनी जसंच्या तसं लिहिलं आहे. तो धक्का, तो राग, नातेवाइकांकडे काढलेली वर्षं, नंतर एकत्र आल्यावरही वेगळं मांडलेलं सोवळं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधली पाच वर्षं त्यांनी गाळली नाहीत किंवा गोड करून सांगितली नाहीत. टिळकही त्यात संत होऊन येत नाहीत. विसराळू, तापट, हातात पैसा न टिकणारा, तरीही लोभस माणूस म्हणून येतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दल लिहिताना बाई 'ते फार कर्मठ होते' म्हणून मोकळ्या होत नाहीत. बाजारातून आलेली मीठ-साखरसुद्धा धुऊन घेतली जायची, हे सांगतात. मीठ धुतलं की काय उरतं, ते वाचणाऱ्याला कळतं.

नववी-दहावीच्या मुलाला लेखनाचा पहिला धडा हाच द्यावा. 'माझे वडील कडक आहेत' हे वाक्य खोडायचं आणि वडील काय करतात ते लिहायचं.

याच परंपरेत दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे, आणि विधवांच्या हालांवर इतक्या आधी लिहायला छाती लागते. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर बाया आपली कहाणी सांगतात तिथे ती कादंबरी जिवंत आहे आणि लेखक उपदेश करतो तिथे मंदावते. दोन्ही प्रकारची पानं वर्गात शेजारी शेजारी वाचून दाखवावीत. फरक मुलांच्या आपोआप लक्षात येतो.

भाषेचा आणि घाटाचा प्रश्नही इथल्या ख्रिस्ती लेखकांनी फार आधी सोडवून ठेवला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट 1579 मध्ये गोव्याला आला. 1616 मध्ये रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्या. ख्रिस्ताची कथा सांगायला त्याने युरोपातला घाट आणला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली, पुराण हा प्रकार घेतला. टिळकांनी अभंग घेतला, आणि आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो ही त्यांची भावना प्रसिद्धच आहे. मग वणीच्या मुलाने काय घ्यावं? त्याच्या आजूबाजूला खंजिरीवरची राष्ट्रसंतांची भजनं आहेत, जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आज्या आहेत, गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या आठवणी आहेत. गाडगेबाबा वऱ्हाडीत समोरच्या माणसांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. दाखल्याची रीत त्याहून फार लांबची नाही.

वऱ्हाडी बोलीला वहीत जागा द्यायलाच हवी. 'मले नाई जमत' म्हणणाऱ्या आईच्या तोंडी 'मला जमणार नाही' घातलं की ती आई दुसऱ्याच कुणाची तरी होते. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीने 1960 मध्येच दाखवून दिलं की संवाद वऱ्हाडीत असले तरी महाराष्ट्रभरचा वाचक अडत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं घरच्या भाषेत, एवढा साधा नियम सांगितला की मुलांचा हात सैल होतो. शेजारी उर्दू किंवा तेलुगू बोलणारं, गोंडी किंवा कोलामी बोलणारं पोर असेल तर त्याच्या संवादातही त्या भाषेचे शब्द येऊ द्यावेत.

आता एक सराव जवळून पाहू. त्याच पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या आधी, हरवलेल्या नाण्याचा चिमुकला दाखला आहे. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी असतात, एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते, मग मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून आनंद सांगते. बस, एवढंच. मुलांना विचारावं : दिवा का लावला असेल? त्या काळची गरिबाची घरं अंधारी, खिडकी असली तर लहानशी, म्हणून. झाडू का? जमीन मातीची, नाणं फटीत गेलेलं, म्हणून. आणि नाण्याची किंमत साधारण एका दिवसाच्या मजुरीएवढी. बाई गरीब आहे, हे कुठेही म्हटलेलं नाही. दिवा आणि झाडू यांनीच ते कळतं.

मग सांगावं की तुमच्या घरात हरवलेली आणि सगळ्यांनी शोधलेली एक वस्तू घ्या. रेशनकार्ड असेल, जातीचा दाखला असेल, बकरीचं पिल्लू असेल, कापूस वेचून आणलेली आठवड्याची मजुरी असेल. कोणी कुठे शोधलं, कोण कुणावर ओरडलं, शेजारच्या काकू काय म्हणाल्या, एवढंच लिहा. 'दुःख', 'आनंद', 'गरिबी' हे तीन शब्द वापरायची बंदी. तात्पर्य लिहायचं नाही.

पहिल्या खेपेला मुलं बुजतात. आपल्या घरात लिहिण्यासारखं काही घडत नाही, असं त्यांना खरंच वाटतं. पुस्तकात समुद्र असतो, बर्फ असतो, हिल स्टेशन असतं. इथे निर्गुडा नदी, कोळशाचे ट्रक आणि पऱ्हाटीची शेतं. पण कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडतात, ती संध्याकाळी भाकरीच्या पिठात घातली की चरचरतात, ही गोष्ट मुंबईच्या लेखकाला कुठून कळणार? दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर कोळशाची भुकटी कशी बसते, ते खाणीजवळच्या वस्तीतली मुलगीच लिहू शकते. फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकेतली कॅथलिक कथाकार (1925-1964) नेमकं हेच सांगत असे : माणूस मातीपासून घडला आहे, आणि ज्याला अंगाला धूळ लागलेली खपत नाही त्याने कथेच्या वाटेला जाऊ नये. नार्नियाच्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुइसनेही सांगून ठेवलंय की त्याची सुरुवात शिकवणीपासून झाली नाही. हिमात छत्री धरून चाललेला एक फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड, हे चित्र त्याला सोळाव्या वर्षापासून दिसत होतं. आधी चित्र आलं, अर्थ मागाहून त्यात शिरला.

ख्रिस्ती घरातल्या मुलांची एक खास अडचण असते आणि ती शिक्षकाने ओळखायला हवी. मंडळीत 'साक्ष' द्यायची पद्धत आहे. माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. लेखनाच्या दृष्टीने हे मोठं भांडवल आहे, कारण चारचौघांत स्वतःबद्दल बोलायची सवय या मुलांना लहानपणापासून लागते. पण ऐकून ऐकून साक्षीचाही साचा बनतो : आधी मी असा वाईट होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं ठीक आहे. मुलं निबंधही त्याच साच्यात ओततात. साक्ष हा शब्द कोर्टातही चालतो, आणि तिथे साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. पाहिलेलं गाळायचं नाही, न पाहिलेलं घालायचं नाही. वहीतल्या साक्षीला हीच कसोटी लावावी. सगळं ठीक झालं नसेल, तर 'झालं नाही' असं लिहायला मुलाला भीती वाटता कामा नये.

बायबलच त्याला ही मुभा देतं. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली किती तरी स्तोत्रं देवाकडे केलेल्या तक्रारी आहेत. 88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ईयोब पानंच्या पानं देवाशी वाद घालतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण कर्ज, नापिकी आणि शेतकरी आत्महत्या हे त्यांच्यातल्या काहींच्या घरचे विषय आहेत. असं मूल जेव्हा खरं लिहितं, तेव्हा शिक्षकाची जबाबदारी एकदम वाढते. ती वही वर्गात मोठ्याने वाचायची नाही. मुलाला विचारल्याशिवाय मुख्याध्यापकांना किंवा पाळकांना दाखवायची नाही. लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं नाही. आधी 'वाचलं रे' एवढं म्हणायचं. मूल स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल लिहीत असेल किंवा घरात त्याला मारहाण होत असेल, तर मात्र तिथे लेखनाचा तास थांबतो आणि घरच्यांना किंवा समुपदेशकाला गाठावंच लागतं.

परीक्षेचं काय, हा प्रश्न शिक्षक विचारणारच. दहावीच्या कुमारभारतीच्या 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथालेखन आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन, असं सगळं त्यात येतं. म्हणजे गोष्ट लिहिणं हा अभ्यासक्रमाबाहेरचा छंद मुळीच नाही. अडतं ते गाइडपाशी. 'मी शेतकरी बोलतोय' हे आत्मकथन राज्यभरातली मुलं गाइडमधून पाठ करतात. त्यांत खऱ्या शेतकऱ्यांची मुलंही असतात, आणि त्यांच्या निबंधातला शेतकरी 'जगाचा पोशिंदा' म्हणून सुरुवात करतो. वडिलांच्या तोंडी हा शब्द कधी ऐकलाय का, एवढं जरी विचारलं तरी निबंध बदलतो. ज्याला स्वतःच्या घरातली हरवलेली वस्तू लिहिता येते, त्याला मुद्द्यांवरून कथा लिहायला वेळ लागत नाही.

लिहिलेलं कुठे तरी पोचलं पाहिजे, ही शेवटची पण अत्यंत गरजेची बाब. आपल्या शाळांमध्ये हस्तलिखिताची जुनी चाल आहे. ती नाताळच्या सुमारास सहज काढता येते. तेव्हा दुसरं सत्र रुळलेलं असतं आणि दहावीच्या सराव परीक्षांचा धडाका पुरता सुरू झालेला नसतो. संपादक मंडळात मुलंच असावीत. नाताळ म्हणून सगळ्यांनी गोठा आणि तारा यांवरच लिहायचं, असा आग्रह नसावा. कुणी ईदवर लिहील, कुणी सहा डिसेंबरवर, कुणी वेचणीवर. 1842 पासून चालत आलेलं 'ज्ञानोदय', 1903 मध्ये सुरू झालेलं 'निरोप्या' ही मराठी ख्रिस्ती नियतकालिकं मुलांना दाखवावीत. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, त्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि वसईच्या हिरवाईसाठी लढा दिला, हेही सांगावं. त्याच्या आदल्या वर्षीचं संमेलन यवतमाळला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात भरलं होतं. लेखक ही पुण्या-मुंबईत राहणारी वेगळी जमात आहे हा समज अशाने ढिला पडतो. आणि हस्तलिखितात प्रत्येक मुलाचं किमान एक पान असावं, अक्षर वाईट असलं तरी त्याच्याच हाताने लिहिलेलं.